रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आणि आईच्या हातावरचे काळे-निळे डाग – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आई सत्तरी ओलांडलेली. हृदयात स्टेंट बसवल्यापासून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे. हल्ली दाराच्या कडीला हात जरा घासला तरी मनगटाच्या वर मोठा काळा-निळा डाग उठतो. वयानं कातडी पातळ होते, त्यात या गोळ्या, हे कळतं. पण बघून जीव कासावीस होतो. गोळ्या मनानं बंद करणार नाही, स्टेंटमध्ये गुठळी होण्याची भीती असते.

सुरुवातीला फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावते, हात उशीवर उंच ठेवते, दोन दिवसांनी कोमट शेक. डाग हिरवट-पिवळा होत दोनेक आठवड्यांत जातो. मावशी आंबेहळद उगाळून चोळायला सांगते. चोळणं मला अजिबात पटत नाही, आत रक्त आणखी पसरेल. पण नुसता लेप इतक्या नाजूक कातडीवर चालतो का? कुणी लावलाय?

पलंगाचे, टेबलाचे कोपरे तुम्ही कशानं झाकलेत? हिरड्यांतून रक्त किंवा काळी शौच असं काही नाही, असतं तर तडक दवाखाना गाठला असता. पुढच्या तपासणीत प्लेटलेटशिवाय डॉक्टरांना आणखी काय विचारू?