वाड्याच्या जोत्याला लागून हिरवळ लावावी का?

नवखा_माळी (वाई)
बीएस्सी बॉटनी करून चार महिन्यांपूर्वी वाईजवळच्या एका जुन्या वाड्याच्या बागेवर लागलोय. बकुळ, सोनचाफा, कवठ, दोन सीता अशोक, बाग झकास आहे. आता वाडा बघायला लोक येणार, म्हणून मालकांना दर्शनी भिंतीला अगदी चिकटून हिरवळ हवी, फवारे लावून. प्री-वेडिंगवाले येतील म्हणे. पण खालच्या दोन हातांचा गिलावा आत्ताच पोपडे होऊन पडतोय, आणि मागच्या चौकाच्या भिंतीत पिंपळ उगवलाय. काय सांगू त्यांना?

बागेतली_मावशी (सातारा)
बाळा, लावू नकोस. अशाच एका वाड्यावर माझी १९ वर्षं गेली. आमच्याकडेही भिंतीशी हिरवळ होती. दोन पावसाळ्यांत भिंतीला लोणा धरला, म्हणजे ओलीबरोबर क्षार पांढरा फुटून आला. त्यावर कुणीतरी हौसेने सिमेंट लिंपलं. चुना ओल पितो आणि सोडतो. सिमेंटने ती वाट बंद केली. मग ओल वर चढली ती थेट तुळईपर्यंत. सागवानी तुळई, बाहेरून तुकतुकीत, पण भिंतीत गेलेल्या टोकाला मी चहाचा चमचा टोचला तर लोण्यात जावा तसा आत गेला.

शेवटी तीन फूट हिरवळ उकरली, खडी टाकली, उतार बाहेरच्या अंगाला दिला. पाणी फक्त झाडांच्या आळ्यांत. गिलावा परत चुन्याचाच केला, गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून. तसं काम येणारा गवंडी शोधायला दोन महिने गेले ते वेगळंच.

पिंपळ उपटू नकोस, दगड घेऊन येईल. छाट, ताज्या कापावर लगेच ब्रशने तणनाशक लाव, पूर्ण वाळला की मुळं सोडवून भेगा चुन्याने भर.

आणि सीता अशोकाला नावाची पाटी कर, लोक आसुपालवालाच, म्हणजे त्या उंच सरळसोट झाडालाच, अशोक समजतात. पण खिळा नको, तारही आवळू नकोस. आमच्या बकुळीने तार सालीत गिळली होती. मधे स्प्रिंग घाल.

कृष्णाकाठचा (सांगली)
मावशींशी सहमत. २०१९ च्या महापुरानंतर आमच्या जुन्या घरात सिमेंट केलेली खोली सगळ्यात शेवटी वाळली. चुन्याच्या खोल्या केव्हाच कोरड्या.

लिंबफाट्यावरचा
मालकांना एकदा साताऱ्याजवळच्या लिंब गावी बारामोटेच्या विहिरीवर न्या. वीरूबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४ मध्ये बांधलेली, आमराईला पाणी द्यायला. विहिरीतच महाल आहे, तरी मोटेचं पाणी बाहेर झाडांकडेच जायचं. हिरवळ हवीच तर बकुळीपलीकडे करा, फोटोत वाडाही अख्खा येईल.

नवखा_माळी (वाई)
मावशी, आज मालकांसमोरच दर्शनी भिंतीतल्या तुळईला चमचा लावला. दांड्यापर्यंत गेला. ते काही बोलले नाहीत, चमचा घेऊन आत गेले. संध्याकाळी विचारलं, तीन फुटांच्या पट्ट्याला खडी किती ब्रास लागेल? भिंत साधारण ७० फूट आहे.