जुन्या दिवाळी अंकांचे स्कॅन मोबाइलवर कसे वाचता?

डोंबिवलीची_वाचक:
सत्तरच्या दशकातले काही दिवाळी अंक पीडीएफमध्ये मिळाले आहेत. वाचायला वेळ मिळतो तो लोकलमध्येच, आणि हातात फक्त फोन. पानावर दोन कॉलम आहेत. वाचता येईल इतकं अक्षर मोठं केलं की ओळ स्क्रीनबाहेर जाते. उभ्याने एका हाताने कडी धरून दर ओळीला पान सरकवणं जमत नाही. अ‍ॅडोबी रीडरचा लिक्विड मोड (मजकूर फोनच्या स्क्रीनप्रमाणे नव्याने मांडणारी सोय) हाही लावून पाहिला, काही फरक पडला नाही. या कथा मला मनापासून वाचायच्या आहेत. कुणी असं नेमाने वाचत असेल तर सांगा.

मिरजेचे_मास्तर:
ताई, स्कॅन म्हणजे पानांचे फोटो. त्यात मजकूर असा नसतोच, मग लिक्विड मोड नवी मांडणी करणार कशाची? फोन आडवा धरून आधी बघा, कदाचित तेवढ्यानेच भागेल.

नाही भागलं तर केओरीडर हे वाचनाचं अ‍ॅप घ्या. फुकट आहे. प्ले स्टोअरवर नाही, एफ-ड्रॉइड या मोफत अ‍ॅपच्या दुसऱ्या स्टोअरवरून घ्यावं लागतं. त्यात झूमला ‘कॉलम’ निवडा आणि कॉलमांची संख्या दोन ठेवा. मग नुसतं टॅप करत जायचं: डावा कॉलम वरून खालपर्यंत, मग उजवा. अंगठ्याचं काम, दुसरा हात मोकळा. मी जुनी मासिकं अशीच वाचतो.

त्यातच रिफ्लोही आहे. ते शब्दांची चित्रं कापून स्क्रीनच्या रुंदीत पुन्हा मांडतं. लिपी ओळखायची गरजच नसते, म्हणून मराठीलाही चालतं. शिरोरेघेने जोडलेला शब्द बहुतेक वेळा अखंड राहतो. मात्र छपाई दाट असेल तर उकार खालच्या ओळीला आणि वेलांट्या वरच्या ओळीला भिडलेल्या असतात, तिथे ओळी चुकीच्या कापल्या जातात. कविता तर रिफ्लोत मुळीच वाचू नका, कवीने तोडलेल्या ओळी मोडतात. मला ते सहन होत नाही.

सातारी_वाचक:
एका स्कॅनमध्ये समोरासमोरची दोन पानं आली असतील तर रीडएरा हे अ‍ॅप बघा. ते पान मधोमध विभागून एकेक दाखवतं.

डोंबिवलीची_वाचक:
मास्तर, कॉलमचं जमलं! पण कथेच्या मध्ये जाहिरात किंवा पानभर चित्र आलं की क्रम बिघडतो. आणि गूगल डॉक्समध्ये उघडून सरळ मजकूरच काढून घेतला तर?

मिरजेचे_मास्तर:
अशा पानापुरतं झूम ‘पूर्ण पान’ करा, पुढच्या पानावर परत कॉलम.

गूगल डॉक्स मराठी ओळखतं, एखाददुसरी कथा निघेल. पण जुन्या, फिकट छपाईत जोडाक्षरं चुकतात आणि दोन कॉलमांच्या ओळी एकमेकींत मिसळू शकतात. बोलीभाषेतली कथा असेल तर लेखकाने मुद्दाम लिहिलेलं रूप कोणतं आणि यंत्राची चूक कोणती, हे कळायला शेवटी मूळ पानच उघडावं लागतं. त्यापेक्षा पानाचं चित्रच वाचा.