मदत हवी आहे : सांगली आकाशवाणी मिडियम वेव्हवर नीट ऐकायचीय

नमस्कार मंडळी, सांगली आकाशवाणीच्या जुन्या श्रोत्यांना विचारायचंय. १९६३ला सुरू झालेलं केंद्र, १२५१ किलोहर्ट्झ, आमच्या तासगावच्या घरी काटा तिथून कधी हललाच नाही, सकाळी भक्तिगीतं मग ७:०५च्या पुण्याच्या प्रादेशिक बातम्या, संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम, तेव्हा आण्णा कुणाला बोलू द्यायचे नाहीत. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत, मोबाईलवर न्यूज ऑन एअर ॲप लावून दिलं पण त्यांना ते झेपत नाही, बटण फिरवायचाच रेडिओ हवाय. प्रॉब्लेम असा की घरात एलईडी बल्ब नि चार्जर आल्यापासून मिडियम वेव्हवर नुसती खरखर. सेट फिरवून ठेवला की थोडा फरक पडतो, आतल्या फेराइट रॉडमुळे (सेटमधली अँटेनाची कांडी, ती दिशेप्रमाणे कमीजास्त पकडते), पण तेवढ्यावर भागत नाही.

तर तासगाव-कवठेमहांकाळ बाजूला सध्या कुणाला स्वच्छ लागतंय का? बाहेर वायर टाकून एरियल केलंय का कुणी? आणि सेलवर चालणारा चांगला सेट कुठला घ्यावा? जुन्या कार्यक्रमांची घरी टेप केलेली कॅसेट कुणाकडे असेल तर तेही प्लीज कळवा, आण्णांना फार आनंद होईल.