विलंबित (संथ) ख्यालात सम (तालाची पहिली मात्रा) सापडत नाही, नेमकं काय ऐकावं?

सतरावी_मात्रा:
द्रुत (जलद) तीनतालात सम बरोबर कळते, पण संथ लयीतला बडा ख्याल सुरू झाला की घोळ. विलंबित एकतालात १२ मात्रा (तालाचे ठोके) मोजायला घेतल्या की सात-आठवर गाडी घसरते, आणि आजूबाजूचे ‘वा!’ म्हणतात तेव्हा माझ्या दहाच झालेल्या असतात. शिवाय मोजत बसलं की गाणं ऐकायचं राहतं. दुसरा काही मार्ग?

ठेकेदार:
मोजू नका, ठेका (तबल्यावर फिरत राहणारे तालाचे ठरलेले बोल) ओळखा. अतिविलंबितात एकेका मात्रेला चार-पाच सेकंद जातात, एवढ्यात मनातली लय हलतेच.

एकतालाचा ठेका असा: धिं धिं धागे तिरकिट तू ना क त्ता धागे तिरकिट धी ना.

‘तिरकिट’ दोनदा येतं, चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर. फसगत इथेच होते. चौथीचं तिरकिट दहावीचं समजून लोक अर्धं आवर्तन (तालाचा फेरा) आधीच मान डोलावून मोकळे! त्यामुळे तिरकिटनंतरचा बोल ऐका. ‘तू’ला डग्गा (तबल्याच्या जोडीतलं घुमणारं डावं वाद्य) नसतो, ‘धी’ला घुमतो. घुमला की मग ‘ना’, आणि सम.

दुसरी खूण मुखड्याची, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीच्या ओळीची. तो बहुधा समेच्या एक-दोन मात्रा आधी उचलतात आणि जवळजवळ दर आवर्तनाला परत येतो. त्यातलं कुठलं अक्षर समेवर पडतं, ते पहिल्या दोन आवर्तनांतच हेरून ठेवा.

तीनतालातही डग्ग्याचीच खूण: तो १० ते १३ या मात्रांवर गप्प असतो, १४वर परततो.

खर्जाची_तार:
ठेक्याचं पटलं, पण समेला दाद देणं म्हणजे गाणं ऐकणं नव्हे. मधल्या ११ मात्रांत गायक कुठल्या स्वरावर थांबतो ते बघा. भूप आणि देशकार हे राग घ्या, दोघांत तेच पाच स्वर: सा रे ग प ध. भूप गंधारावर (ग) विसावतो, देशकार धैवतावर (ध), आणि देशकारात रिषभ (रे) दुबळा. दोन्ही पाठोपाठ ऐका. ‘ग’ आणि ‘ध’ नुसते कानाने वेगळे काढता आले तरी पुष्कळ झालं.

तानपुराही सोडू नका. पहिली तार एरवी पंचमात (प) असते, मालकंस रागात पंचमच नाही म्हणून ती मध्यमात (म) लावतात. गाणं सुरू व्हायच्या आधीच तेवढा अंदाज येतो.

अनवट:
सुरुवात मल्लिकार्जुन मन्सूरांपासून करा. त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्यात अतिविलंबित लय टाळतात, पुष्कळदा तीनतालच असतो. आवर्तन आटोपशीर, सम लवकर भेटते. किराणा घराण्याची संथ आलापी त्यानंतर.

सतरावी_मात्रा:
तिरकिटची युक्ती चालली! पण एका रेकॉर्डिंगमध्ये तिरकिट संपत नाही तोच सम आली.

ठेकेदार:
तो झुमरा ताल असणार. मात्रा १४, त्यात तिरकिट चारदा: ३, ७, १० आणि १४वर. शेवटच्याला लागूनच सम. तिथे आठवीचा बिनडग्ग्याचा ‘तिं’ धरा. त्यानंतरचं दुसरं तिरकिट ते शेवटचं.