पस्तिशीपुढच्यांनी पहिल्याच दिवशी मॅच खेळावी का?

लंगडी घालणारा
आमच्या तालुक्याच्या गावी शाळेच्या मैदानावर रोज संध्याकाळी व्हॉलीबॉल चालायचा. मार्च २०२० मध्ये नेट गुंडाळून माळ्यावर टाकलं, ते दीड वर्षाने खाली काढलं. उंदरांनी मधल्या जाळ्या कुरतडल्या होत्या. सुतळीने शिवलं आणि लगेच सहा-सहा पाडून मॅच सुरू. वॉर्मअप म्हणजे बुटाच्या नाड्या बांधणे.

तिसऱ्या गेमला स्मॅशसाठी उडालो आणि टाचेच्या वर मागून कुणीतरी लाथ घातल्यासारखं झालं. शिवी तोंडात घेऊनच वळलो, तर मागे कुणीच नाही. टाचेची शीर तुटली होती, रक्ताची नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारी. ऑपरेशन, प्लास्टर, कुबड्या. वय ४४.

माझं म्हणणं सरळ आहे. इतके महिने बसून काढलेल्या पस्तिशीपुढच्या माणसाला पहिले तीन आठवडे मॅच बंद. पास करा, सर्व्हिस करा, उडी नाही. कोविड होऊन गेलेल्याने आधी डॉक्टरला विचारावं. आणि हा मैदानाचाच नियम हवा, स्वतःहून कोण थांबतंय?

डावखुरा
पायाचं ऐकून वाईट वाटलं, पण नियमाला माझा विरोध. आपल्याकडे बंदच्या आधी चौदा जण यायचे, आता कसेबसे नऊ. तीन आठवडे नुसते पास करायला यातले चार येतील. मग मैदान रिकामं दिसलं की लग्नाच्या गाड्या लागतात, आणि एकदा गाड्या लागल्या की त्या हटत नाहीत. माणूस मैदानावर व्यायामाला येतो असं वाटतं का तुम्हाला? तो पॉइंटवरून भांडायला येतो.

तसंही आपण आधीच खूप थांबलो. ५ ऑगस्ट २०२० पासून राज्यात टेनिस, मल्लखांब, गोल्फला परवानगी मिळाली, आपला खेळ सांघिक म्हणून बाहेर राहिला. गोल्फ! आपल्या तालुक्यात गोल्फ म्हटलं की लोक कापडाचं दुकान समजतील.

बर्फाची पिशवी
मी फिजिओ आहे, लंगडी घालणाऱ्याच्या बाजूने. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतात, पण हाडाला बांधणारी शीर फार सावकाश तयार होते. म्हणून दम परत आला की माणसाला वाटतं आपण तयार आहोत, आणि नेमकी तेव्हाच ती तुटते. २०११ साली अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये मालक-खेळाडूंच्या वादाने काही महिने टाळेबंदी होती. परतल्यावर पहिल्या २९ दिवसांत १२ जणांची टाचेची शीर तुटली. ते तर पगारी, पंचविशीतले गडी.

डावखुरा
पगारी आहेत म्हणूनच तुटली, साहेब. पहिल्या दिवसापासून जीव तोडून पळावं लागतं. आमच्यातला एक जण सर्व्हिसच्या आधी तंबाखू मळतो, त्याची कोणती शीर तुटणार?

लंगडी घालणारा
मीही हेच म्हणायचो.

थ्रोबॉलवाली
तुम्ही दोघं ‘मॅच हवी’ आणि ‘मॅच नको’ यावरच अडलात. मॅच खेळा, नेट खाली घ्या. पुरुषांचं २.४३ मीटर, बायकांचं २.२४. जवळपास वीतभर फरक. महिनाभर २.२४ ला बांधा, स्मॅश उभ्यानेच मारायचा, आणि दर पाच पॉइंटला एक जण बाहेर बसवा. मे २०२० मध्ये मोठ्या फुटबॉलनेसुद्धा तीनच्या जागी पाच बदली खेळाडू चालवून घेतले. तिथे कुणाची अब्रू गेली नाही.

जाता जाता, आम्ही सात जणी थ्रोबॉलला जागा मागतोय, तर संध्याकाळी सहाची वेळ ‘ठरलेली’ आहे म्हणे. नऊ जणांसाठी?

डावखुरा
ताई, बदली ठीक आहे. पण २.२४ ला मी खेळणार नाही. रस्त्यावरून जाणारी पोरं हसतील.

बर्फाची पिशवी
पोरं कुबड्यांनाही हसतात.

थ्रोबॉलवाली
मग भाऊ, तुम्ही बसा कट्ट्यावर. तुमच्या जागी आमच्यातली एक खेळेल.

लंगडी घालणारा
नेटची उंची मान्य, तीन आठवड्यांचा आग्रह सोडतो. आपल्या खांबाला खाली हूक नाही, दोरीच गुंडाळावी लागेल. मी उद्या सहाला खुर्ची टाकून स्कोअर लिहायला बसतो. येताना कुणीतरी पंप आणा, बॉल पार बसलाय.

डावखुरा
पंप माझ्याकडे आहे. २.३५ ला बांधणार असाल तर आणतो.