चिलिका: मॉडेलमध्ये डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) ६.५, पहाटे बाटलीत ३ पण नाही

गाळात_रुतलेला: मंडळी, एक अडलंय. एमटेकचा प्रोजेक्ट ओडिशातल्या चिलिका सरोवरावर आहे, उत्तरेचा भाग, दया आणि भार्गवी नद्या येऊन मिळतात तिकडचा. खोली जेमतेम दीड मीटर, जिकडे तिकडे गवत, होडीचा पंखा सारखा अडकतो. मॉडेलमध्ये डीओची दिवसाची सरासरी ६.५ मिलिग्रॅम/लिटर येते आणि एप्रिल-मेच्या रीडिंगशी मस्त जुळते, गाईड खूश. पण परवा नावाडी म्हणाला पहाटे येऊन बघा, मासे वर येऊन तोंड उघडतात. साडेपाचला गेलो तर खरंच, आणि विंकलरच्या (रसायनं घालून डीओ मोजायच्या) बाटलीत एरवी गडद तपकिरी साका बसतो तो यावेळी फिक्कट, म्हणजे ऑक्सिजन कमी. टायट्रेशनला २.८. मॉडेल चुकलं की मी? रीएरेशनला (हवेतून पाण्यात ऑक्सिजन येतो त्याला) ओकॉनर-डॉबिन्सचं सूत्र वापरलंय.

खाडीवाला: आधीची रीडिंग किती वाजता घेतलेली?

गाळात_रुतलेला: अकरा ते दोन. होडी तेव्हाच मिळते.

खाडीवाला: मग झालं की. तू मॉडेल दुपारच्या पाण्याला कॅलिब्रेट केलंस, म्हणजे जुळवलंस. एवढं गवत म्हटल्यावर दिवसा ते ऑक्सिजन सोडणार आणि रात्री तेच गवत, शेवाळ, गाळातले जीवाणू सगळे मिळून तो संपवणार, सगळ्यात कमी सूर्य उगवायच्या जरा आधी. सरासरी उजेड दिलास की मॉडेलमध्ये रात्रच होत नाही. तासातासाचा उजेड दे. आणि ते सूत्र नदीचं आहे रे बाबा, प्रवाहाच्या वेगावर चालतं, तुझ्याकडे पाणी हलतंय कुठे? वाऱ्याचं सूत्र घे, दाट गवतात वारा पाण्यापर्यंत पोचत नाही हेही धर.

मीठभाकर: हे बरोबरच, पण क्षारता काय धरलीस? २००० मध्ये सातपाड्याकडे नवं मुख उघडल्यापासून चिलिकात समुद्राचं पाणी जास्त शिरतं. ३० अंशाला गोड्या पाण्यात डीओ फार तर ७.६ पर्यंत विरघळतो, समुद्राच्या पाण्यात ६.२ च्या आसपास. शिवाय प्रोबमध्येही (पाण्यात सोडून डीओ मोजायच्या यंत्रात) क्षारता भरावी लागते, मिलिग्रॅमचा आकडा तो गणित करून दाखवतो. सेटिंग बघ एकदा.

गाळात_रुतलेला: बघितलं. ०. दीड महिना ० वरच होतं 🙈

मीठभाकर: रडू नकोस, क्षारतेची वेगळी नोंद असेल तर एक्सेलमध्ये दुरुस्त होतं.

गाळात_रुतलेला: नोंद आहे, ८ पीएसयूच्या (क्षारतेचं एकक) आसपास. दुरुस्त केलं, फरक जेमतेम पाव मिलिग्रॅम, उगाच घाबरलो. तासाचा उजेड आणि वाऱ्याचं सूत्र घालून रन केला तर पहाटे ४.१ आलं. २.८ अजून लांबच.

खाडीवाला: आता गाळ बघ. गाळ किती ऑक्सिजन खातो तो आकडा कुठल्यातरी पेपरातून उचलला असशील, तोही वाळूच्या तळाचा. तुझ्याकडे कुजलेल्या गवताचा थर आहे. नळीत गाळ जसाच्या तसा काढ, वर तिथलंच पाणी, बूच घट्ट लाव, अंधारात ठेव आणि डीओ किती वेगाने उतरतो ते मोज. आणि एक अख्खी रात्र होडीत काढ, दर दोन तासांनी बाटली. डास फोडून काढतील, ते सोस.

गाळात_रुतलेला: नावाडी तयार आहे. म्हणतो मच्छरदाणी आणि चहा तुमच्याकडे.