नाशिकात नवीन आलोय, गंगा नक्की कुठे आहे?

सोलापूरकर:
अंबडला नोकरी लागली, तीन आठवडे झाले. पहिल्याच दिवशी फसलो. तिकिटावर ‘नाशिक रोड’, वाटलं उतरलं की आलं गाव. रिक्षावाला म्हणाला, ‘गाव अजून आठ-नऊ किलोमीटर, दादा.’ मुंबई नाक्यावर मुंबई नाही, हेही कळलं. मिसळीबरोबर पापड अन् दही बघून तर मी वेटरला परत हाक मारली. काल घरमालकीणबाई म्हणाल्या, ‘बुधवार आहे, गंगेवरून भाजी आणा.’ मनात म्हटलं, एवढ्यासाठी काशीला?

पंचवटीकर:
अहो, आम्ही गोदावरीलाच गंगा म्हणतो. बुधवारचा बाजार घाटावरच भरतो. पावसाळ्यात तिथला दुतोंड्या मारुती बघा. पाणी त्याच्या गुडघ्याला की कमरेला, त्यावर आमचा पूर ठरतो. छातीला लागलं की अख्खं गाव पुलावर, छत्र्या घेऊन.

सिडकोवाली:
पापड बाजूला ठेवला नाहीत ना? चुरायचा असतो तो!

सोलापूरकर:
चुरला ताई. वरून घरची शेंगाचटणीही टाकली. शेजारच्या टेबलावरचे काका घास हातात धरून बघतच राहिले, मग म्हणाले, ‘जरा इकडे सरकवा डबी.’